कुणी न्हाई शिकवलं

स्वप्नालीला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि त्या मंगळवारी करखात्याच्या मॅडमसमोर आपण खोटं बोललो असं तिला दुसऱ्या दिवसापर्यंत वाटलंही नाही. मॅडमनी विचारलं होतं, हे लेथचं काम तुम्हाला कुणी शिकवलं? स्वप्नालीनं मान ताठ केली आणि सांगितलं, "कुणी न्हाई शिकवलं. बघून बघून आलं." मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली तिची सही घेतली. सही झोकात आली होती, त्यामुळे स्वप्नाली खुशीतच बाहेर पडली.

तिच्या आधी धुळा आत जाऊन आला होता, तिच्यानंतर आणखी सहा जण गेले. आठही जणांनी एकच उत्तर दिलं. कुणी म्हणालं, बघून आलं. कुणी म्हणालं, आमच्या हातातच हाय. एका पोरानं तर कडी केली. लहानपणी आपण सायकल खोलून पुन्हा जोडायचो, तेव्हापासून मशीन आपल्याला वश आहे, असं त्यानं सांगितलं. अशा रीतीनं आठ शहाण्यांनी मिळून अर्ध्या सकाळीत आपल्या गुरूला साफ पुसून टाकलं, आणि वर त्याच्याच पैशाचा चहा प्याले.

गुरू म्हणजे मानसिंग तात्या. इस्लामपूरच्या औद्योगिक वसाहतीत अगदी मागच्या रांगेला त्यांचं वर्कशॉप आहे. लोखंड गोल कातायची पाच लेथ, एक मिलिंग मशीन, दोन ड्रिल आणि काचेची एक छोटी केबिन. साखर कारखान्यांच्या पंपांचे शाफ्ट, गिअर, बुश असली कामं तिथं होतात. तात्या एकवीस वर्षं फौजेत होते, रणगाडे आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. हवालदार होऊन घरी आले. घरी नदीकाठचा ऊस होता, पण तो धाकटा भाऊ बघत होता आणि तात्यांना उसात करमत नव्हतं. उसाला पाणी दिलं की तो आपला आपण वाढतो, त्यात माणसानं नुसतं बघत बसायचं, अशी त्यांची तक्रार होती. मग त्यांनी पेन्शनच्या पैशातून पहिलं लेथ घेतलं.

गावातली पोरं लेथवर टिकेनात. आठ दिवस काम करायची आणि भरतीच्या तयारीला पळायची, नाहीतर पुण्याला. तात्यांना मग आठवले नानासो. नानासो म्हसवडकडचे, मेंढरंवाले. ऊस तुटून गेला की दरवर्षी ते आपला कळप घेऊन खाली यायचे आणि तात्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. तीनशे मेंढरांत एक लंगडतंय हे त्या माणसाला नुसतं लांबून कळायचं. तात्यांनी त्यांना सांगितलं, अशा डोळ्याची माणसं मला द्या, बाकीचं माझं मी बघतो. नानासोंनी आपला मुलगा रविराज आणि सून स्वप्नाली यांना पाठवून दिलं. रविराजचं मशीनशी जमलं नाही, तो आता टेम्पो चालवतो. स्वप्नाली मात्र जी चिकटली ती चिकटलीच. तिच्या मागोमाग त्याच बाजूचे आणखी काही जण आले, त्यात भावकीतला धुळाही आला. धुळानं वयाची पन्नास वर्षं मेंढरांमागं काढली होती आणि लोखंडाशी त्याचा संबंध फक्त कुऱ्हाडीपुरता होता.

पहिल्या दिवशी तात्यांनी स्वप्नालीला पॅन्ट-शर्ट दिला. पदर आणि फिरतं मशीन यांचं जमत नाही, एवढंच म्हणाले. तिनं तो घातला आणि फोटो म्हसवडला पाठवला. सगळी वस्ती काय म्हणेल म्हणून ती सारखी फोन बघत होती. नानासोंनी फोटो निरखून बघितला आणि एवढंच विचारलं, खिसं हायत का.

तिला वाटलं होतं लगेच मशीनवर उभं करतील. तात्यांनी तिच्या हातात एक कानस आणि लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा दिला. हा घासून सपाट कर. सपाट म्हणजे किती, तर वर स्टीलची पट्टी उभी धरायची आणि उजेडाकडं तोंड करून बघायचं. पट्टीखालून कुठूनही उजेड दिसता कामा नये. ती दिवसभर घासायची, संध्याकाळी तात्या पट्टी लावायचे, उजेड दिसायचा आणि तात्या फौजी हिंदीत म्हणायचे, "फिरसे." रागवायचे नाहीत, शिव्या नाहीत, शाबासकीही नाही. नुसतं फिरसे. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. खोलीवर जाऊन ती रविराजपुढं रडली होती, पण ही गोष्ट तिनं पुढं कुणाला सांगितली नाही. म्हसवडला तर मुळीच नाही. तिथं ती सांगायची, आपलं आपण आलं, दोन दिस बघितलं आन लागले कामाला.

यात तिचा एकटीचा दोष नव्हता. त्या बाजूला बोलायची पद्धतच तशी. मेंढरामागं जाणाऱ्या घरात कुणी कुणाला शिकवत नाही, पोरगं चालायला लागलं की कळपामागं चालतं आणि त्याला येतं. ज्याला शिकवावं लागलं तो मंद, असा सगळ्यांचा समज. तुला पोहायला कुणी शिकवलं, भाकरी थापायला कुणी शिकवलं, ओवी कुणी शिकवली, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. कुणी न्हाई. आपलं आपण.

त्यात धुळानं आणखी एक काडी टाकली होती. करखात्याच्या मॅडम येणार म्हटल्यावर त्यानं आदल्या दिवशी डबा खाताना सगळ्यांना गोळा केलं आणि बजावलं, की बाई शिकाऊ कोण, शिकाऊ कोण म्हणून विचारणार. शिकाऊ म्हणून एकदा कागदावर नाव चढलं की पगार निम्मा. ताठ सांगायचं, आमी कारागीर हाय. हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्याचं त्यालाच आलं होतं.

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती कामगारांना समजावून सांगायची राहूनच गेली होती. तात्यांचे कराचे कागद सांगलीचा ऋषिराज नावाचा एक तरुण सीए बघायचा. त्यानं तात्यांच्या डोक्यात घातलं होतं, की छोट्या उद्योगानं नवी माणसं घेतली आणि त्यांना रीतसर काम शिकवलं, तर त्या खर्चापोटी करात सवलत मागता येते. शिकण्याच्या काळातला पगार, वाया गेलेलं लोखंड, मोडलेली टूलं, सगळं त्यात धरतात. तात्या आधी हसले. शिकवल्याबद्दल कुणी काही देतं हेच त्यांना नवीन होतं. मग त्यांच्या मनात आलं, तेवढा कर वाचला तर आणखी चार जणांना सहा महिने नुसतं शिकायला ठेवता येईल. म्हसवडकडच्या चार बाया वर्षभर निरोपाची वाट बघत होत्या. म्हणून त्यांनी अर्ज केला, आणि अर्ज केला म्हणून तपासणीला अपेक्षा मॅडम आल्या.

बुधवारी दुपारी स्वप्नाली एक तयार शाफ्ट घेऊन केबिनकडं गेली. तात्या स्वतः माप तपासल्याशिवाय माल बाहेर जाऊ देत नसत. दार अर्धवट उघडं होतं आणि आत ऋषिराज बोलत होता. आठच्या आठ जबाब उलटे गेलेत, असं तो सांगत होता. एकानं तरी तुमचं नाव घ्यायचं होतं, तात्या. हजेरीचं रजिस्टर आहे का, कोणत्या महिन्यात काय शिकवलं ते कुठं लिहिलंय का, निदान फोटो?

"शिकवताना फोटू काढाय ते काय बारसं हुतं?" तात्या म्हणाले.

ऋषिराज हसला नाही. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे अर्ज मागं घ्यायचा. वर्कशॉपमध्ये प्रशिक्षण झालेलं नाही, चुकून दावा केला, असं लिहून सही करायची, कर भरायचा आणि मोकळं व्हायचं. दुसरी वाट म्हणजे पुढच्या मंगळवारी मॅडम पुन्हा येतील तेव्हा पुरावा दाखवायचा. पुरावा नाही, तेव्हा पहिलीच वाट बरी.

तात्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कर भरू. त्याचं काय न्हाई. पन मी शिकवलं न्हाई, ह्याच्याखाली माझी सही मागू नगंस. दुसरं केलंय काय रं मी जल्मात?"

हे बोलताना त्यांनी वर बघितलं आणि दारात स्वप्नाली दिसली. तात्यांनी तिच्या हातातला शाफ्ट घेतला, दोन बोटांनी फिरवला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बरोबर हाय. जा." माप घेतलंच नाही. माप घ्यायचा व्हर्नियर शेजारी पडला होता, त्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

त्यांनी तिला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वप्नालीला त्या क्षणी आपली इतकी लाज वाटली, की मशीनपाशी परत येईपर्यंत तिला कुणाकडं बघवेना. ज्या माणसानं आपल्याला पायावर उभं केलं, त्याच्याबद्दल 'यानं काही शिकवलं नाही' असं आपण लिहून दिलं, वर झोकात सही केली. आणि तो माणूस आपल्या मापावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. हे निस्तरल्याशिवाय आपल्याला इथं उभं राहायचा हक्क नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

चहाच्या सुट्टीत तिनं केबिनपाशी ऐकलेलं सगळ्यांना सांगितलं. पोरं वरमली. धुळा मात्र अडून बसला. पगार कापतील, हेच त्याचं पालुपद. तिनं विचारलं, सहा वर्षांत तात्यांनी कुणाचा एक दिवसाचा तरी पगार कापलाय का? धुळाला नाही म्हणावं लागलं. मग त्यानं आवाज खाली केला.

"सुनंच्या वयाच्या पोरी शेजारी हुत्या, तवा माझा तुकडा रोज माघारी यायचा. ते आता सरकारी कागदावर लिवून देऊ व्हय?"

तिच्या मनातही नेमकं तेच होतं.

रविवारी ती आणि रविराज म्हसवडला गेले. वस्तीवर नानासो एका मेंढीचे वाढलेले खूर कापत बसले होते आणि सासू रंगुबाई चुलीपाशी होती. स्वप्नाली सासऱ्यांसमोर बसली, थोडा वेळ मेंढीचा पाय धरून दिला आणि मग विचारलं, की मामंजी, मेंढरांचं हे सगळं तुमाला कुणी शिकवलं?

नानासोंनी वर न बघता सांगितलं, कुणी न्हाई, जल्मलो तवापासनं राखतोय.

चुलीपाशी रंगुबाई खुदकन हसली. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आईनंच मला सांगितलं होतं, म्हणाली, त्या कोकरांचं सांगा की. नानासो आधी ऐकू न आल्यासारखं करत राहिले. मग विळी खाली ठेवून त्यांनी सांगितलं, की त्यांच्या बापानं त्यांना वर्षभर एकच काम दिलं होतं. संध्याकाळी सगळी कोकरं एका जाळीत एकत्र करायची आणि एकेक उचलून त्याच्या त्याच्या आईखाली सोडायचं. चुकीच्या मेंढीखाली सोडलं की मेंढी ढुशी मारायची आणि बाप म्हणायचा, पुन्यांदा. सगळी बरोबर लागल्याशिवाय जेवण नाही. पुष्कळदा दिवस पार मावळून जायचा.

"म्हंजी शिकवलंच की," स्वप्नाली म्हणाली.

नानासोंनी मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. "शिकवलंच. चांगलं शिकवलेलं आसलं ना पोरी, की ते आपल्याच घरचं वाटाय लागतं. मग शिकवनाऱ्याचं नाव घ्यायचं ऱ्हाऊन जातंय." बापाला जाऊन तीस वर्षं झाली होती. नानासोंनी मान खाली घातली आणि पुढचा खूर धरला, पण विळी काही लगेच चालली नाही.

स्वप्नाली त्याच संध्याकाळी परत निघाली. नानासोंना उशीर झाला होता, तिला अजून झाला नव्हता.

मंगळवारी अपेक्षा मॅडम आल्या तेव्हा तात्या केबिनमध्ये दार लावून बसले होते. ऋषिराजनं आणलेला माघारीचा कागद टेबलावर होता आणि तात्यांनी त्याच्यावर चष्मा ठेवला होता. पेन उघडलेलं नव्हतं. स्वप्नाली मॅडमना दारातच आडवी गेली. मला मागचा जबाब बदलायचा आहे, असं तिनं सांगितलं.

मॅडम वयानं लहान होत्या, तिशीच्या आतबाहेर, पण बोलणं नेमकं होतं. त्यांनी विचारलं, "मागच्या मंगळवारी बोललात ते खरं, की आज मालकांनी शिकवून पाठवलं ते खरं?"

"मालक दार लावून बसल्यात, त्यांनी काय सांगितलं न्हाई. मॅडम, त्या दिवशी मी माझा मान राखाय गेले आन दुसऱ्याचा घालवला. मला कायबी येत न्हवतं. सगळं तात्यांनी शिकवलं."

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मला तुमचं म्हणणं पटतंय, पण मला पटून उपयोग नाही. एक वाक्य खोडून दुसरं लिहिलं तर उद्या वरचे साहेब मला विचारतील, पहिलं का खोडलं. शब्दाला शब्द पुरावा होत नाही. तुम्ही सगळे आपापल्या कामाला लागा, मी थोडं फिरून बघते.

मशीनं सुरू झाली. मॅडम पाठीमागं हात बांधून एकेकापाशी थांबत गेल्या. स्वप्नालीनं कातायचा तुकडा लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या जबड्यात, आवळला, टूल टेकवलं, कट सुरू केला आणि नेहमीप्रमाणे मान डावीकडं वळवून ऐकायला लागली. कट नीट बसला की एकसारखा आवाज येतो, टूल बोथटलं की तो फाटतो. मॅडम तिच्यापाशी जरा जास्तच रेंगाळल्या. मग पुढच्या लेथकडं गेल्या, मग त्याच्या पुढच्या. मग पुन्हा पहिल्याकडं आल्या. शेवटी धुळाच्या मशीनपाशी जाऊन त्यांनी त्याला थांबवलं.

"तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही का?"

"येतंय की," धुळा म्हणाला.

"मग उजवाच कान का लावता? आणि तुम्हीच नाही, तुम्ही सगळेच. मी आठही जण बघितले. सगळ्यांची मान डावीकडं, कान उजवा."

धुळानं डोक्यावरची टोपी मागं सारली. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. सायकलवाल्या पोरानं डावा कान लावून बघितला आणि त्याला ते उलटा शर्ट घातल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यानं लगेच मान परत फिरवली. स्वप्नालीलाही उत्तर माहीत नव्हतं. असंच ऐकायचं असतं. तात्या असंच ऐकतात.

एव्हाना सगळ्यांनीच मशीनं बंद केली होती, आवाज थांबला म्हणून तात्या बाहेर आले होते. मॅडमनी त्यांना तोच प्रश्न विचारला. तात्या क्षणभर सगळ्यांकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक अवघडलेलं हसू आलं, तसं स्वप्नालीनं आधी कधीही बघितलं नव्हतं.

"मॅडम, माझा डावा कान गेलेला हाय. राजस्थानात रेंजवर रणगाड्यातनं गोळा सुटला तवा मी शेजारी हुतो, त्यात गेला. कारखानदार म्हनत्याल बहिऱ्याला कशाला काम द्यायचं, म्हनून मी कुनाला बोललो न्हाई. मी उजव्या कानानं ऐकतो, कारन मला दुसरा कानच न्हाई." ते थांबले. "पन ह्यांना हायत की दोन-दोन. ह्यांनी बी माझ्यावानीच मान वाकवली, हे मला आज कळतंय."

सहा वर्षं सगळ्यांना वाटत होतं, तात्या शिकवताना आपल्याला कायम त्यांच्या उजव्या बाजूला उभं करतात ती फौजेची शिस्त.

मॅडमनी विचार केला. म्हणाल्या, हे नुसतं बघूनही उचलता येतं. स्वप्नाली म्हणाली, मान बघून उचलता येईल, कान न्हाई. आणि मग तिनं सांगितलं. पहिला धडा कानशीचा. तो पार पडला की डोळ्यांवर फडकं बांधायचं. तात्या तीन टूलं आलटून पालटून लावायचे, एक धारेचं, एक बोथट, एक टवका उडालेलं, आणि नुसत्या आवाजावरून कुठलं ते ओळखायचं. दहापैकी दहा आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. एक चुकलं की फिरसे.

मॅडमनी तिला तिथंच थांबवलं, पुढचं सगळ्यांसमोर नको म्हणाल्या, आणि तिच्यासकट आठही जणांना एकेकटं केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदा काय केलंत, मग काय, मग काय. सायकलवाल्यानंही तेच सांगितलं, धुळानंही तेच. आधी कानस, मग डोळ्यांवर फडकं, मग तीन महिने बुश, मग शाफ्ट. तोच क्रम, तीच तीन टूलं, तेच दहापैकी दहा. कुठंही न लिहिलेला अभ्यासक्रम आठ तोंडांतून एकसारखा बाहेर आला.

शेवटी मॅडम बाहेर आल्या आणि तात्यांना म्हणाल्या, "सवलत द्यायची की नाही ते वरचे साहेब ठरवतील. पण इथं शिकवलं गेलं नाही, असं मी लिहिणार नाही. उलट लिहीन."

पुढं अडीच महिन्यांनी सवलत मंजूर झाली. म्हसवडच्या चार बाया आल्या, त्यांना पॅन्ट-शर्ट मिळाले आणि कानशी मिळाल्या, ते सगळं यथासांग झालं. ऋषिराजनं तात्यांना एक रजिस्टरही आणून दिलं, आणि तात्या ते लिहायला रोज विसरतात. पण स्वप्नालीला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणातलं खरं सोनं त्या मंगळवारचं होतं, मॅडम नवे जबाब लिहून घ्यायला बसल्या तेव्हाचं.

पहिली स्वप्नालीच बसली. कानस शिकायला किती दिवस लागले, मॅडमनी विचारलं. एवढ्या वर्षांत हा आकडा तिनं कुणापुढं काढला नव्हता. तिनं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक्केचाळीस दिवस. एक्केचाळीस दिवस तात्या रोज फिरसे म्हनले, आन येकदाबी वैतागले न्हाईत."

सायकलवाला मागून म्हणाला, मला त्रेपन्न लागले. दुसरी एक बाई म्हणाली, त्रेपन्न काय, माझे साठ झाले आणि वर दोन कानशी मोडल्या, तेही लिहा. मग जी चढाओढ लागली ती बघण्यासारखी होती. मागच्या मंगळवारी जी माणसं आईच्या पोटातून लेथ शिकून आली होती, ती आता आपल्याएवढा मठ्ठ कुणीच नव्हता म्हणून भांडत होती. एकाचे फोड दुसऱ्यापेक्षा मोठे, एकाचं रडणं दुसऱ्यापेक्षा जास्त दिवसांचं. मॅडम हसू दाबत लिहीत होत्या.

धुळा सगळ्यांत शेवटी उठला. टोपी काढून हातात धरली आणि टेबलासमोर सरळ उभा राहिला.

"माझं नीट लिवा, मॅडम. शहाण्णव दिवस. पन्नाशीत आलो हुतो. शेजारच्या पोरी पुढं गेल्या, मी तिथंच. घरच्यांनी बी सांगितलं माघारी ये म्हनून. ह्यो मानूस शहाण्णव दिवस रोज सांजंला माझ्यापाशी यिऊन पट्टी लावून गेला. माझ्या बानं बी माझ्यावर येवढं ध्यान दिलं न्हवतं."

तात्या पाठमोरे होऊन लेथवरचा लोखंडाचा किस ब्रशनं झाडायला लागले. तिथं किस नव्हता, पोरांनी मघाशीच झाडला होता. ते तरीही झाडत राहिले, आणि स्वप्नालीला वाटलं, आता जर कुणी तिला विचारलं की तू कोण, तर ती नाव नंतर सांगेल आणि आधी सांगेल, मी तात्यांनी शिकवलेली.